दोन पांढरे कॅन

विहिरीपाशी मोबाईलला रेंज येते, म्हणून क्षितिजा दुपारी तिथं उभी राहून बोलली आणि घोटाळा तिथंच झाला.

"सर, औषध धोंडूबाईंकडे ठेवलंय. जयवंतीबाईंकडे नुसतं पाणी. दोघींना पत्ता नाही."

वटारच्या त्या वाडीत विहीर एक, पडव्या दोन. जयवंतीनं भांडी घासता घासता सगळं ऐकलं. पलीकडे थोरल्या जावेची, धोंडूबाईची, विळी जराशी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

क्षितिजा शेतकी कॉलेजातली. बुरशीपासून काढलेल्या अर्कानं पानवेलींच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी मरतात का, हे तिला बघायचं होतं. म्हणून एकीला अर्क, दुसरीला पाणी. कॅन मात्र अगदी सारखे.

जयवंतीचं डोकंच फिरलं. तिच्या चाळीस वेली पिवळ्या पडत चालल्या होत्या. त्या गेल्या की नवरा वाडीत मंगल कार्यालय बांधणार, हे ठरलेलं. आणि औषध गेलं कुणाकडे? जिच्याशी कुंपणावरून सहा वर्षं अबोला, तिच्याकडे.

"नशीब फुटकं असेल माझं, हात काही मोडले नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूबाई निर्मळच्या देवळात गेली. जयवंतीनं घाईघाईनं कॅनची अदलाबदल केली. पश्चात्ताप तीळभर नाही.

तीन महिने तिनं एक शनिवार चुकवला नाही. मुळाशी मोजून घालायची. पानं काही हिरवी होईनात.

"औषध मुरायला वेळ लागतो," ती नवऱ्याला सांगत राहिली.

शेवटी क्षितिजानं दोन्हीकडची मुळं उकरली. जयवंतीच्या वेलींना गाठीच गाठी. धोंडूबाईची मुळं स्वच्छ, पांढरी.

"अगदी हवं तसं आलं," म्हणत क्षितिजा खुशीत निघून गेली.

जयवंती तणतणत घरात आली. म्हणजे सटवीनं चोरी ओळखली आणि गुपचूप कॅन परत नेला. जाब विचारायचाच, म्हणून ती पदर खोचून निघाली, तर दारात धोंडूबाईच उभी. हातात पानवेलीच्या बेण्याची जुडी, डोळे सुजलेले.

"जयवंते, माफ कर गं मला. ती पोरगी फोनवर बोलली ते मीपन ऐकलं होतं. तुझ्या वेली जगाव्यात म्हणून त्याच सांजेला माझं औषध तुझ्या पडवीत ठेवलं, तुझं पानी मी आणलं. मला काय ठाऊक, ते तुझ्या वेलींना असं बाधेल."