पाचची गाडी

"ओढू नकोस, दाब," सासूबाई मागून म्हणाल्या. "लाथ बसली की कळेल."

सून गाईची धार काढत राहिली. सकाळपासून सासूबाई हात धुवून तिच्या मागे लागल्या होत्या. स्वतः कशालाही हात लावत नव्हत्या. गोठा तिने झाडला, कोंबड्यांना दाणे तिने टाकले, आणि या आपल्या कमरेवर हात ठेवून परीक्षा घेत उभ्या. हा उत्साह नेमका आजच यायचा होता!

कारण आज तिला पळून जायचं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा. तीन वर्षं ती या शेतावर मान मोडून राबत होती. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तरी कारण सांगावं लागे. तिचा जीव गुदमरत होता. शहरात बहिणीने तिच्यासाठी शिवणकामाची नोकरी बघून ठेवली होती. उद्या सकाळी हजर झाली तर तिची, नाहीतर दुसरीची. दूध न्यायला येणारी पाचची गाडी, एवढी एकच वाट होती. ड्रायव्हरला तिने काल हळूच विचारलं होतं.

"पुढे एकच जागा आहे," तो म्हणाला होता. "आधी येईल तो बसेल. मी कुणासाठी थांबत नाही."

दुपारी चुलीपाशीही सुटका नव्हती.

"बाबांच्या रश्श्यात मीठ किती?" सासूबाईंनी विचारलं.

"अर्धा चमचा. आणि तिखट नाही."

"औषध?"

"जेवणाआधी."

"पाठ झालं म्हणायचं!" सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातात ठेवल्या. "कोठीच्या. राहू देत तुझ्याकडे."

"आजच का, आई?"

"कधीतरी द्यायच्याच ना."

किल्ल्या हातात आल्या म्हणजे मुक्काम कायमचा.

"गाडी पाचलाच येते ना गं?" सासूबाईंनी सहज विचारलं.

पळी तिच्या हातातच राहिली. "हो. का?"

"काही नाही. आज दुधाचे कॅन मी नेते फाटकापाशी. तू बाबांकडे जा. करवत धरायला माणूस हवाय त्यांना."

सासरे सुतार. खुर्च्या अजून हातानेच घडवत. नजर अधू झालेली. दोन मुठींच्या मोठ्या करवतीला समोर कुणीतरी लागेच. आजवर सासूबाईच असत.

"मध्येच सोडू नकोस हं," ते म्हणाले. "फळी तर जाईलच, माझी बोटंही जातील."

फळी जाड होती. ओढ, सोड. ओढ, सोड. चार इंच उरले आणि बाहेर हॉर्न वाजला. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. अंगात आल्यासारखी ती करवत ओढू लागली.

"वा!" सासरे खूश झाले. "तिच्यापेक्षा तुझा हात बरा आहे!"

तुकडा पडला तशी ती धावली. चाऱ्यामागे लपवलेली कपड्यांची पिशवी उचलली आणि फाटक गाठलं. गाडी नुकतीच हलली होती.

"थांबा!" ती जीव खाऊन ओरडली.

ड्रायव्हरने वेग कमी केला, मान बाहेर काढली आणि शेजारच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे मांडीवर बोचकं घेऊन, नजर सरळ रस्त्यावर ठेवून सासूबाई बसल्या होत्या.