धाडकन न वाजणारा स्पीकर

सणसरच्या शाळेत दहावीतल्या अश्लेषानं हट्ट करून साउंडच्या रॅकमध्ये नवा पॉवर सिक्वेन्सर बसवला होता. गॅदरिंगच्या दिवशी तिचा तोरा काय विचारता! "एक बटण दाबलं की सगळं ओळीनं सुरू होतं, अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी. व्होल्टेज उसळलं तरी काही जळत नाही. आणि स्पीकर लागताना ते धाडकन वाजायचं ना, ते कायमचं बंद!"

"समदंच बंद पडू नये म्हंजी झालं," पुढच्या खुर्चीतले गेणबातात्या म्हणाले.

पाहुणे बसले. अश्लेषानं माइक उचलला आणि ऐटीत बटण दाबलं. तिनं कान टवकारले, पण ओळखीचा धाडकन आवाज काही येईना. आपणच काय सांगितलं होतं, ते घाबरून पार विसरली. माइक छातीशी धरून ती पुटपुटली, "देवा, एवढी लाज राख! मला यातलं ओ की ठो कळत नाही, सगळं व्हिडिओ बघून जोडलंय!"



"आवाज लई झ्याक हाय, पोरी," तात्या ओरडले, "पार वेशीपातुर गेला!"