खाली पडलेली गाडी

पडद्यावरची मोटार दरीच्या काठावर लोंबकळत होती आणि क्लबचं अख्खं मैदान पोट धरून हसत होतं. तेवढ्यात चौकीदार वाकून लीलावतीबाईंच्या कानाशी म्हणाला, "माताजी, सक्सेना साब का फोन था। अच्युत साब की गाड़ी रायसेन रोड पे, पुलिया पे खाली पड़ी है।"

एवढं सांगून तो पान चघळत निघून गेला. जसं काही उद्या दूधवाला येणार नाही, एवढाच निरोप होता!

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खाली पडी है. पुलावरून गाडी खाली पडली! त्या जुन्या फियाटमध्ये मुलगा होता, सून शोभा होती, नात केतकी होती. बाईंचं या जगात जे काही उरलं होतं ते सगळं सकाळी त्या एका गाडीत बसून सांचीला गेलं होतं.

यजमान गेले तसं कराडचं बिऱ्हाड मोडून बाई भोपाळला, मुलाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. हिंदी त्यांना सिनेमापुरती कळायची. सिनेमात शब्द नाही समजला तरी नट तोंड वेडंवाकडं करून समजावून देतो. चौकीदाराच्या तोंडावरची तर माशीसुद्धा हलली नव्हती.

सिनेमाचं वेड मात्र दांडगं. एक कुटुंब मोटारीनं फिरायला निघतं आणि वाटभर त्यांची फजिती होते, असा विनोदी सिनेमा शनिवारी मैदानावर लागणार, हे कळल्यापासून त्यांनी अच्युतच्या मागे भुणभुण लावली होती. सकाळी गाडी सुरू झाली तरी खिडकीशी वाकून म्हणाल्याच, "अंधाराच्या आत या हं. मी खुर्च्या धरून ठेवते. पहिलं रीळ चुकलं ना, तर बोलणार नाही तुझ्याशी!"

म्हणजे आईसाठी पोरानं गाडी दामटली. आग लागो त्या सिनेमाला आणि माझ्या हौसेला! मीच खाल्लं गं बाई सगळ्यांना, मीच.

पडद्यावरची मोटार सुटली आणि कोलांट्या खात दरीत गेली. मैदानात एकच हशा. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तर मांडीवर थापा मारत होता. अरे, हसू नका रे, असं ओरडायचं होतं बाईंना. पण त्या हशात ऐकणार कोण? त्यांनी कसाबसा शेजारच्या नलिनीचा दंड धरला. नलिनी बाजूच्या क्वार्टरमधली. माहेर नागपूरचं, पण उभा जन्म भोपाळात गेलेला.

"काय झालं काकू? तब्येत बिघडली काय?"

"गाडी... पुलावरून खाली पडली गं. पोरं गेली माझी."

नलिनी ताडकन उठली. फाटकापाशी जाऊन तिनं चौकीदाराला गाठलं, त्याच्याकडून तोच निरोप पुन्हा ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला. परत आली ती हसतच.

"अहो काकू, खाली म्हणजे हिंदीत रिकामी! आणि पडी है म्हणजे नुसती तिथं आहे. कारखान्यातल्या सक्सेनांना येता येता गाडी पुलावर रिकामी उभी दिसली, बस्स. पडली-बिडली नाही काही. काय घाबरवलंत हो मला!"

बाईंच्या जिवात जीव आला. नलिनीचा हात हातात घेऊन त्यासुद्धा हसल्या. आणि हसता हसताच थबकल्या.

"रिकामी? अगं, मग माणसं कुठं आहेत?"

रायसेनचा रस्ता नलिनीला ठाऊक होता. त्या पुलाजवळ ना घर, ना दुकान. खाली नाला, वर काळोख, आणि गाडीत कुणीच नाही. खाली पडलेल्या गाडीत माणसं सापडतात तरी. ही गाडी माणसं गिळून बसली होती.

बाई चप्पल शोधत बसल्या नाहीत, तशाच फाटकाकडे धावल्या. नलिनीच्या नवऱ्यानं, गजाननरावांनी, स्कूटर बाहेर काढली. "मी बघून येतो काकू, तुम्ही इथंच थांबा." स्कूटरला किक बसेना. बाईंनी डोळे मिटले आणि कराडच्या कृष्णामाईपासून आठवतील तेवढे देव एका दमात हाकारले. माझं आयुष्य घे, पण त्यांना आण. सिनेमाचं नाव काढणार नाही जन्मात.

तेवढ्यात कोबीच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. मागच्या पोत्यांवरून अच्युत खाली उतरला. हात कोपरापर्यंत काळे. मग शोभा उतरली, साडीला ग्रीस लागलेलं, केस विस्कटलेले. तिनं वरून केतकीला उचलून घेतलं.

"अॅक्सल तुटला, आई. गाडी सोडून निम्मा रस्ता चालत आलो, तेव्हा कुठं हा टेम्पो मिळाला." अच्युत ओशाळून बोलत होता. "तुझं पहिलं रीळ चुकवलं ना गं? रागावू नकोस."

बाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग शोभाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. केतकीला बाईंनी इतकं घट्ट कवटाळलं की पोरगी कुरकुरली.

मैदानावर पुन्हा हशा उसळला. सिनेमा अजून अर्ध्यातच होता.

"आजी, पिक्चर संपला?"

"संपला गं बाळा."

"मग शेवटी काय झालं?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"काय व्हायचंय! सगळी घरी आली."