हनुवटीखालचा पट्टा

“घट्ट नाही ना झालं, काका?”

हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट सरकवून दवाखान्यातली नर्स दर वेळी विचारी. अख्ख्या दिवसात त्याला विचारला जाणारा हा एकमेव प्रश्न. तो मान हलवी. मग ती टोपीचं बटण दाबी, आणि वीस मिनिटं एक अदृश्य उजेड त्याच्या कवटीत झिरपत राही. निदान तसं धरून चालायचं होतं. नव्या उपचाराची ही चाचणी होती; निम्म्या टोप्या पेटणार, निम्म्या नुसत्याच डोक्यावर बसणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणाची कोणती, ते बारा आठवड्यांनंतरच कळायचं. तोवर तिलासुद्धा नाही.

कंपवाताने त्याचा उजवा हात परका करून टाकला होता. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, केसाएवढी तार अचूक जोडणारा हात. आता कप बशीत वाजत राही, आणि तो आवाज ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी रविवारी फोनमध्ये येई. बाकीचे दिवस भिंतींचे.

टोपीच्या दिवशी तो दाढी करून येई. हनुवटीवर एखादा लाल ठिपका उमटलेला असेच. ती कापसाने टिपी.

“आज पुन्हा लढाई वाटतं?”

“हो ना. आणि शत्रू घरचाच.”

तिसऱ्या दिवशी त्याने चालू टोपी क्षणभर हातात मागितली. “मुलीला फोटो पाठवतो,” म्हणाला. आतल्या दिव्यांवर मोबाइल धरून त्याने एक फोटो काढला, बराच वेळ पाहिला आणि फोन खिशात टाकला. मुलीला तो कधीच गेला नाही.

आज बारा आठवडे संपले. डॉक्टर एक नवं खोकं घेऊन आले.

“तुमची टोपी न पेटणारी निघाली. पण आता ही खरी घ्या, अगदी मोफत. घरीच वापरायची. इथे खेटे घालायला नकोत.”

बक्षीस देऊन डॉक्टर निघून गेले. तो खोक्याकडे पाहत राहिला. त्याला घरातली खुर्ची दिसली, समोरची भिंत दिसली.

तिचे डोळे भरून आले होते. “मला ठाऊक नव्हतं, काका. शपथ. इतके दिवस मी तुम्हाला उगाच बसवून ठेवलं.”

“वेडी की काय तू.” त्याने थरथरत्या हाताने मोबाइल काढला. “रिमोट चालू आहे की बंद, हे आम्ही कॅमेऱ्यातून बघायचो. डोळ्यांना न दिसणारा उजेड यात जांभळा दिसतो. हे बघ.”

फोटोत टोपीच्या बटणाचा हिरवा ठिपका उजळलेला होता. आतले सगळे दिवे काळे होते. तिने खालची तारीख वाचली. तिसरा दिवस.

“म्हणजे तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं? मग येत का राहिलात?”

त्याने नवं खोकं बाजूला सारलं. जुनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. पट्ट्याची दोन्ही टोकं गालांशी लोंबत राहिली.

“आज हीच लावू या,” तो म्हणाला, आणि त्याने हनुवटी वर केली.