बाराशे मीटरवरचा दगड

भूवैज्ञानिक साहेबांना एका जागी बसवत नव्हतं. हातात प्रयोगशाळेचा निकाल घेऊन ते टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. बाराशे मीटर खोलीवरच्या दगडात सोनं निघालं होतं. गेली अकरा वर्षं ते घसा कोरडा करून हेच सांगत होते, की इथलं सोनं नदीने वाहून आणलेलं नाही. ते पृथ्वीच्या पोटातून, उकळत्या पाण्याबरोबर, खडकांच्या भेगांतून वर चढलंय. लोक त्यांना पाठीमागे ‘पाताळराव’ म्हणायचे. आज चार वाजता मुख्य कार्यालयाचा फोन येणार होता. हा आकडा सांगितला नाही, तर खोदाई कायमची बंद.

पावणेचारला दळणवाल्या मावशी दारात आल्या. खोदाईतले दगड यंत्रात दळून त्यांचं पीठ करणं हे त्यांचं काम. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, उभ्यानेच सांगू लागल्या.

दळणाच्या खोलीत अंगावर सोनं चालत नाही. सगळे दाराशी डब्यात अंगठ्या काढून ठेवतात. हा दगड दळला त्या दिवशी मावशींचं बोट सुजलं होतं, साबण लावूनही अंगठी हलेना, म्हणून त्यांनी वरून हातमोजा चढवला. पीठ चाळताना तो चाळणीच्या कडेला कधी फाटला, ते कळलंच नाही. अंगठी काल सोनाराकडून कापून घेतली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. कडेला चाळणीने घासल्यासारखे दोन ताजे ओरखडे होते. निकालातलं सोनं या अंगठीचंही असू शकत होतं.

साहेब मटकन खुर्चीत बसले. त्यांना मावशींचा भयंकर राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

“आणखी कुणाला माहीत आहे हे?”

“कुणालाच नाही. म्हणून तर घास उतरत नाही, साहेब.”

फोन वाजला. साहेबांनी तीन-चारदा वाजू दिला, मग उचलला. आकडा पक्का नाही, दोन दिवस द्या म्हणाले. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

दगड उभा चिरून अर्धाच दळायचा आणि अर्धा पेटीत जपायचा, अशी तिथली पद्धत. तो उरलेला अर्धा साहेबांनी स्वतः काढून मावशींच्या हातात दिला आणि लगेच दळायला सांगितलं.

मावशी दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“आणि यात काहीच निघालं नाही तर?”

“तर मग ते अजून वाटेत असेल,” साहेब म्हणाले.