शेजघरातलं चित्र

विबिडियाचा नवरा टायबर नदीत बुडाला, त्याला दोन वर्षं होत आली होती. रोमच्या कायद्यात विधवेला तेवढीच मुदत होती. तोवर दुसरं लग्न केलं नाही, तर नवऱ्याने मागे ठेवलेला द्राक्षमळा हातचा जाणार होता.

"मी आहे ना, वहिनी," नवऱ्याचा मित्र होसिडियस म्हणाला, आणि मुदतीला नऊ दिवस उरले असताना तिने त्याच्याशी लग्न केलं.

नव्या घरी शेजघराच्या भिंतीवर तिचंच चित्र होतं. म्हातारा चित्रकार त्यातले पोपडे बुजवत बसला होता.

"इतक्यात रंग उडाला?" तिने हसून विचारलं.

"इतक्यात कुठला, बाईसाहेब? तीन वर्षं झाली काढून. मालक तेव्हाच म्हणाले होते, नवरी यायला जरा वेळ लागेल."