मूळ यादी

ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला आणि पुनर्विकासात घर मिळणाऱ्या भाडेकरूंची मूळ यादी गेली, असं परळच्या त्या चाळीच्या कमिटीने जाहीर केलं. घाईघाईने नवी यादी लागली. तिच्यात अकरा जुन्या भाडेकरूंची नावंच नव्हती.

"बॅकअप होतच नव्हता, तर शोधणार काय? तू त्यात डोकं घालू नकोस," चेअरमन पालव टायपिंग करणाऱ्या तनुजाला म्हणाले.

तनुजाने डोकं घातलं. बाहेरची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नव्हती. तिने केबल बदलली, डिस्क दिसली, पण रिकामी निघाली. मग तिने कपाटामागचा नेटवर्क ड्राइव्ह तपासला. तो काठोकाठ भरल्यामुळे नवा बॅकअप अडला होता, जुना मात्र जागच्या जागी होता. मूळ यादी त्यातच सापडली. तिने ती छापली आणि सरळ जिन्यापाशी फळ्यावर लावायला घेतली.

पालव मागोमाग आले. "काढ तो कागद," ते हळू आवाजात म्हणाले. "नव्या यादीत सोळा नंबरची खोली तुझ्या नावावर केली आहे. या यादीत तू कुठेच नाहीस. नीट वाचलंस ना?"

"दोनदा वाचलं, काका." तनुजाने शेवटची टाचणी अंगठ्याने आत दाबली. "सोळा नंबर गंगुबाईंची आहे. मी त्यांच्याकडे भाड्याने राहते."